उतारवयातील व्हिडिओ गेम : कोणता घ्यावा, कोणता टाळावा

दुपारची वामकुक्षी आटोपली की घरातील ज्येष्ठ मंडळी चष्मा लावतात, मोबाईल हाती घेतात आणि रंगीत गोळ्यांच्या ओळी जुळवू लागतात, पत्त्यांचा डाव मांडतात किंवा लुडोची सोंगटी पुढे सरकवतात. हे दृश्य आता शहरातील सोसायटीत नवे नाही आणि गावातील वाड्यातही नाही. तरीही त्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. नातवाच्या हातातील गेम म्हणजे व्यसन आणि आपल्या हातातील तो केवळ विरंगुळा, अशी सोयीची विभागणी आपण करून ठेवलेली असते. आणि खोलीत कुणी आले की पडदा चटकन विझवला जातो. हा संकोच अनाठायी आहे, आणि त्याचा एक तोटाही आहे. ज्या गोष्टीविषयी आपण बोलत नाही, तिची पारख करण्याचीही सवय आपल्याला लागत नाही.

खेळ हा काही केवळ बालपणाचा मक्ता नव्हे. सारीपाट, बुद्धिबळ, सोळा सोंगट्या हे थोरामोठ्यांचेच खेळ होते. ज्या मोक्षपटाचे श्रेय आपली परंपरा ज्ञानेश्वरांना देते, त्या पटावरील साप आणि शिड्या लहानांना जितक्या रंजक, तितक्याच वडीलधाऱ्यांना बोधक होत्या. आज पट काचेचा झाला आहे इतकेच. जपानमधील हमाको मोरी या आजीबाईंचा जन्म १९३० चा. त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर व्हिडिओ गेम खेळायला आरंभ केला आणि नव्वदीत, २०२० मध्ये, यूट्यूबवर गेम खेळून दाखवणारी जगातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. त्यांचा कित्ता प्रत्येकाने गिरवावा असे नाही. पण वय आडवे येते ही समजूत त्यांनी पुरती खोटी ठरवली.

तेव्हा खेळावे की न खेळावे, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. खरा प्रश्न निवडीचा आहे. निवृत्तिवेतनातील चार पैसे, थकलेले डोळे आणि दिवसातील एखादा निवांत तास या तिन्ही गोष्टी ज्याच्यावर खर्च कराव्यात, असा गेम ओळखावा कसा?

फुकटाची किंमत

बहुतेक ज्येष्ठांची या जगाशी पहिली ओळख होते ती 'फुकट' गेममधून. मुलाने मोबाईल घेऊन दिला, नातीने त्यात दोन-तीन गेम भरून दिले, पैसे काही पडले नाहीत. आपल्या पिढीला फुकटाचा मोह थोडा आणि विकतचा संकोच फार. म्हणून हीच निवड शहाणपणाची वाटते. माझे मत नेमके उलट आहे. एकदाच, आधीच, ठरलेली किंमत मोजून घेतलेला गेम हा दीर्घकाळात बहुधा स्वस्त पडतो, आणि मनाला तर निश्चितच.

याचे कारण समजून घेण्यासाठी फुकट गेमची घडण पाहावी लागेल. २०१२ मध्ये आलेला कॅन्डी क्रश सागा हा सर्वांच्या परिचयाचा. त्यात आपल्याला पाच 'जीव' मिळतात. डाव हरला की एक जीव जातो आणि गेलेला जीव परत येण्यास अर्धा तास लागतो. थांबायचे नसेल तर मित्राकडे मागा, नाहीतर पैसे भरा. पहिले काही टप्पे सोपे असतात; हात बसतो, उत्साह वाढतो. मग एखादा टप्पा असा येतो की दहा-दहा वेळा खेळूनही दोन चालींनी डाव हुकतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर विचारणा होते : आणखी पाच चाली हव्यात का? रक्कम क्षुल्लक असते, चहाच्या दोन कपांइतकी. पण ती विचारली जाते तो क्षण क्षुल्लक नसतो. हार तोंडाशी आलेली असताना माणसाचा हिशेब ढिला पडतो, हे सट्ट्याच्या अड्ड्याला जितके ठाऊक असते तितकेच या गेमच्या रचनाकारालाही ठाऊक असते. पैसे न भरताही असा गेम वर्षानुवर्षे खेळणारी असंख्य माणसे आहेत, हे खरे. मात्र त्यांना आपल्या सोयीने नव्हे, तर गेमच्या घड्याळाने खेळावे लागते. अर्ध्या तासाने जीव परत आला की मोबाईल टिंग करतो, आणि हातातील पोथी मिटून आपण पुन्हा चष्मा शोधू लागतो.

दुसरी किंमत जाहिरातींची. दोन डावांच्या मध्ये येणारी जाहिरात बंद करण्याचे फुलीचे चिन्ह मुद्दाम बारीक, फिकट आणि कोपऱ्यात ठेवलेले असते. बोट किंचित थरथरले की ते जाहिरातीवरच पडते, आणि आपण भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो. 'तुमच्या मोबाईलमध्ये विषाणू शिरला आहे, येथे दाबा' अशा सूचना तर निखालस फसव्या असतात. गेमने आपल्याला बक्षीस लागल्याचे सांगितले आणि ते मिळवण्यासाठी यूपीआय पिन मागितला, तर एवढेच ध्यानी धरावे की पैसे खात्यात येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो लागतो खात्यातून जाण्यासाठी. अशी फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० हा राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक फिरवावा. तक्रार जितकी लवकर पोहोचेल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक.

तिसरी गोष्ट पैशांच्या डावांची. रमी वा तत्सम खेळ पैसे लावून खेळवणाऱ्या ॲपनी गेल्या दशकात अनेक निवृत्तांची पुंजी खाल्ली. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा करून पैसे लावून खेळण्याचे असे सर्व गेम चालवण्यास, त्यांची जाहिरात करण्यास आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळण्यास मनाई केली. खेळाडूला मात्र गुन्हेगार मानलेले नाही. म्हणजेच, आज कुणी आपल्याला असा गेम 'कायदेशीर आहे, काका' म्हणून सुचवत असेल, तर त्याच्यापासून दूर राहण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. घरातील कुणी आधीच त्यात पैसे गमावले असतील, तर त्यांना दोष देण्यापेक्षा बोलते करणे अधिक गरजेचे. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी गुपचूप आणखी पैसे लावणे, हीच त्यातील सर्वांत घातक पायरी होय.

एक इशारा आजी-आजोबांसाठी खास. आपला मोबाईल नातवंडांच्या हाती जातो आणि त्यात आपले कार्ड जोडलेले असते. मुलांनी खेळता खेळता केलेल्या खरेदीच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये ॲपल कंपनीला किमान सव्वातीन कोटी डॉलर ग्राहकांना परत करायला लावले. पुढे २०२२ मध्ये फोर्टनाइट या गेमच्या निर्मात्या एपिक गेम्सशी झालेल्या तडजोडीत, चुकून खरेदी घडावी अशी बटणे रचल्याबद्दल, २४ कोटी ५० लाख डॉलरचा परतावा ठरला. एवढ्या मोठ्या कंपन्यांकडून हे घडते, तेव्हा आपण बेसावध राहू नये. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक खरेदीपूर्वी पडताळणी' हा पर्याय असतो. तो आजच चालू करून घ्यावा, आणि त्याचा पासवर्ड नातवाला सांगू नये. तो कितीही लाडका असला तरी.

स्मरणशक्तीची आश्वासने

'दररोज पंधरा मिनिटे खेळा आणि विस्मरण दूर ठेवा' अशा अर्थाच्या जाहिराती ज्येष्ठांना हेरून केल्या जातात. यामागील भीती खरी आहे. शेजारच्या कुणाला मुलांची नावे आठवेनाशी झालेली आपण पाहिलेली असतात. चष्मा कुठे ठेवला हे दोनदा विसरले की पोटात गोळा येतो. या भीतीवर धंदा उभा राहतो, म्हणून येथे जरा थांबून पाहू.

ल्युमॉसिटी हा मेंदूच्या व्यायामाचा प्रसिद्ध कार्यक्रम. वयानुसार होणारी बौद्धिक घसरण आपल्या खेळांनी लांबते, असे त्याच्या जाहिराती सुचवत. त्यासाठी पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा ठपका फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. म्हणजे हे खेळ अपायकारक होते असे नव्हे. त्यांच्या नावे विकले जाणारे आश्वासन पोकळ होते.

मग सारेच निरर्थक का? तसेही नाही. अमेरिकेत १९९८ पासून २,८३२ ज्येष्ठांवर 'ॲक्टिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. काहींना स्मरणाचे, काहींना तर्काचे, तर काहींना संगणकावर झटपट टिपण्याचे प्रशिक्षण दिले गेले. ज्याला जे शिकवले त्यात तो सुधारला. बाकीच्या गोष्टींत फारसा नाही. दहा वर्षांनंतर पाहिले तेव्हा तर्काच्या आणि गतीच्या प्रशिक्षणाचा ठसा टिकून होता, स्मरणाच्या प्रशिक्षणाचा मात्र पुसला गेला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील ॲडम गॅझाली आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक उत्साहवर्धक होता. ६० ते ८५ वयाच्या मंडळींनी वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवत असतानाच ठराविक खुणा टिपण्याचा गेम महिन्याभरात १२ तास खेळला. दोन कामे एका वेळी सांभाळण्यात ते सराव नसलेल्या विशीतील तरुणांपेक्षाही सरस ठरले, आणि सहा महिन्यांनंतरही तो लाभ टिकून होता. मात्र हा गेम संशोधकांनी याच हेतूने घडवलेला होता आणि खेळणारे मोजके होते. दुकानात 'शास्त्रीय' असे लेबल लावून मिळणाऱ्या प्रत्येक गेमला हा निष्कर्ष लागू होत नाही.

मला स्वतःला अधिक रोचक वाटतो तो मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेला अभ्यास. त्यांनी मेंदूच्या व्यायामाचा गेम निवडलाच नाही. निवडला तो १९९६ सालचा सुपर मारियो ६४, निव्वळ करमणुकीचा. ५५ ते ७५ वयाच्या काही जणांनी तो सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा तास खेळला. त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी व दिशाज्ञानाशी निगडित भागात करड्या द्रव्याची वाढ आढळली. अभ्यास लहानच होता. त्यावरून औषधाची चिठ्ठी लिहिता येणार नाही. पण त्या गेमचे स्वरूप पाहा. एक अपरिचित मुलूख, त्यात वाटा शोधायच्या, कुठला दरवाजा कोठे उघडतो याचा नकाशा मनात रचायचा. त्याच अभ्यासात दुसऱ्या गटाला पियानो शिकवला गेला आणि त्यांच्याही मेंदूत बदल दिसले, ते निराळ्या भागांत. एकूण, काहीतरी नवे आणि थोडे अवघड शिकणे हे मेंदूला मानवते, असा कयास करता येतो. गोळ्यांच्या ओळी तीन वर्षे जुळवत राहण्यात मात्र नवे ते काय?

स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करायचा असेल, तर आधी करण्यासारखी कामे वेगळीच आहेत. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये असे १४ धोके मोजले जे टाळता वा कमी करता येतात. त्यांत ऐकू कमी येणे आहे, दृष्टीदोषावर उपचार न घेणे आहे, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, बैठेपणा आणि एकाकीपणही आहे. कानाचे यंत्र कपाटात ठेवून मेंदूच्या खेळाची वार्षिक वर्गणी भरणाऱ्यांनी क्रम उलटा लावला आहे. गेम घ्यावा तो मौजेसाठी. औषध म्हणून विकला जात असेल तर मुळीच घेऊ नये.

पारख कशाची करावी

मौज म्हटली, तरी तिचीही पारख असतेच. तरुणांच्या मासिकांत गेमची परीक्षणे येतात, त्यांत चित्रांचा झगमगाट आणि शंभर तास पुरेल एवढा ऐवज यांचे कौतुक असते. आपल्या दृष्टीने हे दोन्ही निकष जवळजवळ गैरलागू आहेत. शंभर तासांचा गेम हे आपल्याला गुण न वाटता ओझे वाटण्याचाच संभव अधिक.

पहिली कसोटी गतीची. गेम माझी वाट पाहतो का? १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाझित्नोव्ह यांनी रचलेला टेट्रिस हा गेमच्या इतिहासातील एक अजोड नमुना. पण त्यातील ठोकळे कुणासाठी थांबत नाहीत, उलट वेगाने पडू लागतात. वयानुसार बोटांचा प्रतिसाद मंदावतो, ही शरीराची रीत आहे, बुद्धीची उणीव नव्हे. म्हणून घड्याळ नसलेले, चाल आपल्या सवडीने करू देणारे गेम आपल्याला अधिक न्याय देतात. बुद्धिबळाचेच पाहा. लीचेस या संकेतस्थळावर ते पूर्णपणे विनामूल्य खेळता येते. जाहिराती नाहीत, मध्येच पैसे मागणे नाही. फ्रेंच प्रोग्रामर तिबो द्युप्लेसी यांनी उभारलेले हे स्थळ देणग्यांवर चालते, म्हणजे फुकटाविषयी वर केलेल्या टीकेला हा सन्माननीय अपवाद. तेथे एका चालीला काही दिवस घेण्याचीही मुभा असते. सांगलीतील आजोबा आणि सिडनीतील नातू यांचा एकच डाव महिनाभर चालू शकतो, पोस्टकार्डावर चाली कळवण्याची जुनी पद्धत होती तसा.

दुसरी कसोटी हरण्याची. चुकल्यावर गेम काय करतो? काही गेम अपमान करतात. मोठा आवाज होतो, पडदा लाल होतो, सगळे पुन्हा पहिल्यापासून. काही गेम नुसते 'पुन्हा पाहा' म्हणतात आणि जेथे होतो तेथेच ठेवतात. २०१४ मध्ये लंडनच्या असटू या स्टुडिओने काढलेला मॉन्युमेंट व्हॅली हा याचा सुंदर दाखला. एक मूक राजकन्या, दहा अध्याय, आणि दृष्टिभ्रम घडवणाऱ्या इमारती. एखादा मनोरा बोटाने फिरवला की तुटलेली वाट जोडली जाते. त्यात मरण नाही, घड्याळ नाही, गुण नाहीत. कोडे सुटले नाही तर मोबाईल खाली ठेवावा, देवपूजा करावी, मग पुन्हा पाहावे. ते तसेच थांबलेले असते.

तिसरी कसोटी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : गेम संपतो का? कादंबरी संपते, नाटकाचा पडदा पडतो, आणि म्हणूनच त्यांचा ठसा उरतो. कधीच न संपणारा गेम ठसा उमटवत नाही. तो नुसता वेळ शोषतो. जॉश वॉर्डल यांनी आपल्या जोडीदारासाठी रचलेले आणि २०२१ मध्ये जगापुढे आलेले वर्डल हे शब्दकोडे पाहा. दिवसाला एकच कोडे, सहा प्रयत्न, बस्स. उद्यापर्यंत नवे मिळत नाही. इंग्रजीची गोडी असणाऱ्यांना सकाळच्या चहासोबत ते वर्तमानपत्रातील कोड्याइतकेच सुटसुटीत वाटेल. पुढे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते विकत घेतले, यात नवल नाही.

आणि गेममध्ये काही सांगण्यासारखे आहे का? येथे एका गेमविषयी जरा सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. २०२३ मध्ये टोरोंटोच्या विसाई गेम्सने वेन्बा नावाचा छोटासा गेम काढला. १९८० च्या दशकात तमिळ जोडपे कॅनडात जाते. वेन्बा ही त्यातील पत्नी. तिच्याजवळ आईची पाककृतींची वही, डाग पडलेली, जागोजागी पुसट झालेली. खेळणाऱ्याचे काम एवढेच की त्या अर्धवट नोंदींवरून पदार्थ सिद्ध करायचा : इडलीपात्रातील थर कसे लावायचे, वाफ वर कशी जाईल, पुट्टूच्या नळीत काय आधी घालायचे. आपल्याकडच्या ज्या बायकांनी आयुष्यभर अंदाजपंचे मीठ घातले, त्यांना या कोड्यांची उत्तरे तरुण खेळाडूंच्या आधी सुचतील. मात्र पदार्थ हे निमित्त आहे. मुलगा मोठा होतो, त्याला शाळेच्या डब्यातील घरचे पदार्थ नकोसे होतात, आईची भाषा त्याच्या तोंडून निसटत जाते. ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आणि नातवंडांशी फोनवर तीन वाक्यांपलीकडे मराठी चालत नाही, त्यांना ही कथा तमिळ आहे याचा विसर पडेल. गेम दीड-दोन तासांत संपतो. त्याच्या किमतीकडे पाहून 'एवढ्याशा खेळाला एवढे पैसे' असे कुणी म्हणेलही. पण दोन तासांच्या नाटकाचे तिकीट काढताना आपण तासांचा हिशेब करत नाही. हा गेम परदेशातील नातवंडासमवेत, दोन्हीकडे एकाच वेळी उघडून खेळावा, अशी माझी शिफारस आहे.

आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला राजी हा गेमही अभिमानाने पाहण्यासारखा आहे. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी, राजस्थानी वास्तुकलेची आठवण देणारे प्रासाद, आणि कथा सांगणारे दुर्गा व विष्णू. परंतु त्यात लढाया आहेत, उड्या आहेत, आणि त्यांना चपळ बोटे लागतात. तेव्हा तो स्वतः खेळण्याऐवजी नातवाला खेळायला लावून शेजारी बसून पाहावा. भिंतीवरील कोणत्या चित्रात कोणती पुराणकथा आहे, हे त्याला आपणच सांगू शकाल.

अक्षरांचा आणि रंगांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण अनेक चांगले गेम येथेच आपल्याला मुकतात. वयोमानाने डोळ्यांतील भिंग पिवळसर होते, निळ्या-हिरव्या छटांतील फरक पुसट होतो, फिकट पार्श्वभूमीवरील राखाडी अक्षरे दिसेनाशी होतात. विकत घेण्यापूर्वी गेमची चित्रे दुकानाच्या पानावर पाहावीत आणि अक्षरे मोठी करण्याची सोय आहे का, ते विचारावे. मोबाईलपेक्षा टॅब केव्हाही बरा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर खरेदी त्यानंतरच केलेली उत्तम. रंगांचे जग तेव्हा निराळेच दिसेल.

हातपाय सांभाळून

२००६ मध्ये निन्टेन्डो कंपनीने वी हे यंत्र आणि त्यासोबत वी स्पोर्ट्स हा गेम आणला. हातातील रिमोट चेंडू टाकल्यासारखा हलवायचा, की पडद्यावरचा चेंडू घरंगळत जातो. अमेरिकेतील व ब्रिटनमधील वृद्धाश्रमांत त्याने धमाल उडवून दिली. बटणे शिकायला नकोत. हात जे आयुष्यभर करत आला तेच करायचे. नव्या गेमचीही हीच परीक्षा घ्यावी : यात जे करायचे आहे ते माझ्या अंगात आधीच थोडे मुरलेले आहे का?

मात्र उभे राहून खेळण्याच्या गेममध्ये नजर पडद्यावर खिळते आणि पायाखालची सतरंजी विसरली जाते. ज्यांना चक्कर येते, तोल जातो, ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा गुडघा बदललेला आहे, त्यांनी बिनहाताच्या भक्कम खुर्चीत बसून खेळावे आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. चेहऱ्यावर चढवायचे आभासी वास्तवाचे चष्मे उतारवयात एकट्याने वापरूच नयेत. धावत्या कॅमेऱ्याच्या गेमने काहींना मळमळते. ते सरावाने जाईल म्हणून सहन करत बसू नये. अपस्माराचा इतिहास असेल तर लखलखणारे गेम वर्ज्यच. अंगठ्याच्या सांध्यात कळ येऊ लागली, तर मोबाईल हातात न धरता मेजावर टेकवावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांसाठी गेम शोधणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. त्याला परीक्षेचे रूप देऊ नका. 'आई, हे कोण? सांग पाहू' हा प्रश्न आपल्याला खेळ वाटतो, तिला तो फजितीचा क्षण वाटतो. आजार बळावू लागल्यावर नवे नियम रुजत नाहीत. तेव्हा जुन्यालाच हात घालावा. ज्यांनी वर्षानुवर्षे पत्ते पिसले, त्यांना टॅबवरील पत्त्यांचा साधा डाव जमतो, आणि तोही न जमू लागला तर खरे पत्ते हाती द्यावेत. रंगांनुसार लावत बसण्यातही समाधान असते. चित्रांचे तुकडे जुळवण्याचे गेम निवडताना तुकडे कमी करण्याची सोय पाहावी. काही ॲपमध्ये आपल्याच छायाचित्राचे कोडे करता येते. गावच्या घराचे, लग्नातील चित्राचे. ते जुळवता जुळवता एखादी आठवण ओठांवर आली, की कोडे अपुरे राहिले तरी चालते. चुकीची चाल दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. जाहिराती असलेला गेम मात्र अशा रुग्णाच्या हाती कदापि देऊ नये आणि त्या उपकरणात बँकेचे काहीही ठेवू नये.

पक्षाघातानंतर वा कंपवातात हाताला चालना म्हणून गेम वापरता येतो, पण कोणता आणि किती, हे फिजिओथेरपिस्टने ठरवावे.

काही वेळा प्रश्न उलटा असतो. वडील दिवसभर मोबाईलवरच असतात, अशी तक्रार असते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, गेमिंगच्या विकाराला स्थान दिले आहे. पण त्याची लक्षणे तासांवर मोजलेली नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, अशी स्थिती साधारणतः १२ महिने दिसावी लागते. चार तास खेळणारा प्रत्येक वृद्ध व्यसनी नव्हे. पुष्कळदा तो नुसता एकटा असतो. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात गेमची वेळ वाढली असेल, तर मोबाईल काढून घेण्याने उरलेला आधारही जाईल. त्यांच्या शेजारी बसून 'मलाही शिकवा' म्हणणे हा अधिक बरा आरंभ. जेवण, औषधे, झोप वा आंघोळ चुकू लागली, किंवा पैशांविषयी लपवालपवी दिसली, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घेण्यास विलंब करू नये.

आता प्रत्यक्ष खरेदीचे. गेमच्या पानावर किमतीखाली 'ॲपमधील खरेदी' अशी बारीक ओळ आहे का, ते आधी पाहावे. ती असेल तर दर्शनी किंमत ही अखेरची किंमत नाही. तोच गेम नातवाकडे वा शेजाऱ्याकडे असेल, तर एक डाव त्यांच्याच यंत्रावर खेळून पाहावा. संगणकावरील स्टीम या दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल, तर परत करता येतो. गूगल प्लेवर परताव्याची विनंती साधारणपणे ४८ तासांच्या आत करायची असते. म्हणून घरात मदतीला कुणी असेल अशाच दिवशी गेम घ्यावा आणि पहिला डाव त्याच दुपारी, रोजच्याच चष्म्याने, रोजच्याच खुर्चीत बसून खेळावा. अक्षरे वाचता आली नाहीत किंवा बोटे दुखू लागली, तर पैसे परत मागण्याची मुदत तेव्हा अजून शिल्लक असते.